पास, नापास आणि मधली खुर्ची

गोरक्ष बोरस्ते माझ्या दुकानात आले की आधी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकतात, मग शर्टाच्या टोकानं चष्मा पुसतात आणि मग तोच प्रश्न विचारतात. "योग्या, तू तिथं होता. खरं सांग. आमचं भांडण झालेलं हाय का नाय?"

बारा वर्षं मी हा प्रश्न ऐकतोय. आपलं भांडण झालंय की नाही हे दुसऱ्याला विचारत फिरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मी लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी घेतो, नाशकात द्वारकेला माझा छोटा स्टुडिओ आहे. वरमाईचं आणि नवऱ्या मुलाच्या मावशीचं बिनसलंय हे मला कॅमेऱ्यातून पाच मिनिटांत कळतं. पण गोरक्षभाऊ आणि चिमाजी गुरुजी यांच्यावर मी चौदा वर्षं कॅमेरा लावला आणि मला ठार काही कळलं नाही. म्हणून मी दर वेळी "भाऊ, चहा घ्या" म्हणतो. ते चहा घेतात आणि तसेच गोंधळलेले घरी जातात.

भाऊ मूळचे निफाडकडचे. भाऊबंद द्राक्षबागेत राबले, हे सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. काम एकच. तयार झालेला पार्ट घ्यायचा आणि त्याच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघायचं. गेजची एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. बरोबर असेल तर हिरवं स्टिकर, नसेल तर लाल. पिवळं स्टिकरही असतं, म्हणजे हा माल थांबवून ठेवा, साहेबांना विचारू. भाऊंना पिवळ्याची चीड. "साहेबाला काय इचारायचं? डोळे हाय ना आपल्याला?" तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांनी घरातही तोच कारभार चालवला. भाजी पास, पाव्हणा नापास, पेपरातला अग्रलेख नापास. एकदा मी त्यांना माझ्या साखरपुड्याचा फोटो दाखवला, तर मला म्हणाले, "पोरगी पास. तुझं बघावं लागंल."

चिमाजी पगार गुरुजी कळवणचे. महापालिकेच्या शाळेत शिकवायचे, सिडकोत भाऊंच्या समोरच्या गल्लीत राहायचे, भाऊंपेक्षा चार वर्षांनी मोठे. त्यांच्या वर्गात कोणी नापास झाल्याचं ऐकिवात नाही. पोरगं कितीही दगड असो, गुरुजी पेपर पुन्हा वाचायचे, समासात लिहिलेलं वाचायचे, खोडलेलंही वाचायचे, आणि कसेबसे पस्तीस मार्क काढायचे. हेडमास्तर वैतागायचे. गुरुजी म्हणायचे, "पस्तीसनं कोणाचं काय बिघडतं?"

अशा दोन माणसांना शेजारी बसवून सिनेमावर बोलायला लावायची कल्पना इथल्या कोणाची नव्हती. ती अमेरिकेतून आली, तीही मोडक्या अवस्थेत.

सत्त्याण्णव साली भाऊंच्या कारखान्यातले एक इंजिनियर ट्रेनिंगला शिकागोकडे गेले होते. येताना त्यांनी मशीन कशी चालवायची याची एक व्हिडिओ टेप आणली. मशीन संपल्यावर त्याच टेपवर तिथल्या टीव्हीवरचं काहीतरी अर्धा तास भरलेलं होतं. अमेरिकेची टेप आपल्या व्हीसीआरवर नीट चालायची नाही. चित्र काळंपांढरं व्हायचं आणि सारखं वर सरकायचं. भाऊंनी ती तशीच पाहिली. थिएटरच्या बाल्कनीत दोन माणसं बसलेली, एक जाडा, एक टक्कल पडलेला बारका, मध्ये जायची वाट, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जाताहेत. इंग्रजी भाऊंना कळत नव्हतं. त्यांना वाटलं, सख्खे भाऊ आहेत आणि वाटणीवरून जुंपली आहे. मग मध्येच सिनेमाचा तुकडा लागला, आणि शेवटी एकानं अंगठा वर केला, दुसऱ्यानं खाली. भाऊ उठून उभेच राहिले. हे तर पास-नापास! सिनेमाचं इन्स्पेक्शन! हा माणूस दुसऱ्या दिवशी इंजिनियर साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला आणि सगळं विचारून आला.

साहेबांनी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. ते दोघं शिकागोतल्या दोन वेगवेगळ्या पेपरांत सिनेमावर लिहितात, एकमेकांचे पक्के स्पर्धक आहेत, वीसेक वर्षं हा कार्यक्रम चालू आहे आणि निम्मी अमेरिका शुक्रवारी कुठला सिनेमा बघायचा हे त्यांच्या अंगठ्यावरून ठरवते. आणि एक गोष्ट साहेब सहज बोलून गेले. ते दोघं कॅमेरा सुरू होईपर्यंत आपलं मत एकमेकांना सांगत नाहीत. कॅमेऱ्यासमोर जे भांडण होतं ते तिथंच पहिल्यांदा होतं.

ही शेवटची गोष्ट साहेबांनी सांगितली नसती तर बरं झालं असतं.

सिडकोत तेव्हा कारभारीशेठची केबल होती. शेठचं स्वतःचं एक चॅनेल होतं. त्यावर सकाळी भजन, दुपारी कोणाच्या तरी बारशाचं शूटिंग, संध्याकाळी हरवलं-सापडलं. तो सगळा पसारा मीच सांभाळायचो. भाऊंनी शेठला गाठलं, गुरुजींना ओढलं, आणि अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर 'पास-नापास' सुरू झालं. अंगठ्याला शेठनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली. "गिऱ्हाइकाला अंगठा दाखवता व्हय? लोक कनेक्शन तोडतील." मग भाऊंनी खिशातून कारखान्यातली स्टिकरं काढली. आवडलं तर सिनेमाच्या तिकिटावर हिरवं चिकटवायचं, नाही तर लाल. गुरुजींनी विचारलं, "पिवळं नाही का?" भाऊ म्हणाले, "सिनेमाला पिवळं नसतं."

सातपूरला सुट्टी शनिवारी, गुरुजींची शाळा शनिवारी अर्धी. तेव्हा शनिवारी तीन ते सहाचा शो आणि रविवारी सकाळी दहाला रेकॉर्डिंग, त्यासाठी रविवारी भाऊ दुपारची पाळी घ्यायचे. अमेरिकेतल्या त्या दोघांच्या मध्ये वाट होती म्हणून हे दोघं थिएटरात मधली एक खुर्ची मोकळी सोडून बसायचे. भाऊंच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, दर शनिवारी शेंगदाणे भाजून, तिखटमीठ लावून डबा भरून द्यायच्या. तो डबा मधल्या खुर्चीवर. अंधारात दोघांचे हात डब्यात जायचे, पण तोंडं पडद्याकडे. कोणी हसायचं नाही, कोणी चुकचुकायचं नाही. हसलं की मत फुटलं.

सिनेमा सुटल्यावरची तऱ्हा तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. भाऊ डाव्या फुटपाथनं, गुरुजी उजव्या. तीन किलोमीटर. चेहऱ्यावरून समजू नये म्हणून एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. सिडकोतल्या बायका म्हणायच्या, "आज पण वाजलं वाटतं दोघांचं." वाजलेलं काही नसायचं. वाजायचं ते रविवारी, आणि असं वाजायचं की लोक सिनेमासाठी नाही, ह्यांच्यासाठी टीव्ही लावून बसायचे. सुरुवात ठरलेली. "नमस्कार, मी बोरस्ते." "मी पगार." "आणि आमचं पटत नाही."

पुढं पुढं हा नियम सिनेमापुरता राहिला नाही. सवयच लागली. जे काही महत्त्वाचं ते रविवारी, कॅमेऱ्यासमोर. गुरुजींच्या मुलीचं लग्न ठरलं ते भाऊंना, मला आणि सगळ्या सिडकोला एकाच वेळी समजलं, एका मारधाडीच्या सिनेमावर बोलता बोलता. भाऊंना बढती मिळाली ती तशीच. मधल्या सहा दिवसांत दोघं दुधाच्या पिशव्या आणताना भेटले तर "काय?" "काही नाही" एवढंच. मला तेव्हा याचं हसू यायचं. अमेरिकेतल्या लोकांनी धंद्यासाठी एक नियम केला आणि आमच्या दोन शहाण्यांनी तो संसाराला लावला.

आता ते भांडण, किंवा जे काय होतं ते.

डिसेंबर दोन हजार बारा, शेवटचा रविवार. कुठलातरी सुमार सिनेमा होता आणि गुरुजींनी त्यालाही हिरवं लावलं. भाऊंचं टाळकं सरकलं. कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला नापास करायची हिंमतच नाय. म्हणून तर तुमच्या हाताखालून गेलेली पोरं कोरीच्या कोरी राहिली." गुरुजींच्या तोंडावरचा रंग उतरला. मी जवळून टिपलाय तो चेहरा. पण त्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला आणि चप्पल घालून निघाले.

पुढचा रविवार यायच्या आत, जानेवारीच्या सुरुवातीलाच वहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप आणि खेळ खलास. रामकुंडावर दहाव्याला गुरुजी आले, भाऊंच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसले, आणि एक अक्षर न बोलता गेले. मार्चमध्ये शेठच्या आग्रहानं दोघं पुन्हा एका शनिवारी सिनेमाला गेले. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगला गुरुजींचा निरोप आला, ताप आहे. त्याच आठवड्यात घराघरांत सेट टॉप बॉक्स बसले, त्यावर शेठचं घरगुती चॅनेल दिसेना, ते बंद पडलं आणि माझी नोकरीही गेली. मे महिन्यात रिटायर होऊन गुरुजी कळवणला गावी निघून गेले. सामानाचा टेम्पो भाऊंच्या गल्लीवरूनच गेला. भाऊ गॅलरीत उभे होते. गुरुजी ड्रायव्हरशेजारी बसलेले. दोघांनी सवयीनं एकमेकांकडे पाहिलं नाही.

झालं एवढंच. आता ह्याला भांडण म्हणायचं की नाही? भाऊंकडं गुरुजींचा नंबर होता. लावायचे आणि वाजायच्या आत कापायचे. "बोलू काय? शेवटच्या शिनेमावर मत दिल्याबिगर बोलता येतं का? आणि तो चिडलेला असंल तर?" मी म्हणायचो, भाऊ, तो नियम कार्यक्रमाचा होता, कार्यक्रम संपला. तर म्हणायचे, "कुठं संपला? एक भाग राहिला ना."

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे, पण गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलीनं, हर्षालीनं, त्यांना मोठा फोन घेऊन दिला. हर्षाली बँकेत आहे, इंग्रजी चांगलं. भाऊंनी तिला त्या शिकागोवाल्यांचं शोधायला लावलं. सगळं मिळालं, रंगीत आणि न सरकणारं. रोज जेवण झालं की बाप एकेक व्हिडिओ लावायचा आणि मुलगी मराठी करून सांगायची. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन भाऊ ते मला सांगायचे, मी कोणाच्या तरी हळदीचं एडिटिंग करत असताना.

"योग्या, पंच्याहत्तर साली चालू झालं ते. महिन्यातून एकदाच, तिथल्या लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या चॅनेलवर." "योग्या, त्यांच्याकडं कुत्रं होतं! आठवड्यातला सगळ्यात टुकार शिनेमा आला की ते कुत्रं यायचं आन भुंकायचं. हे आपल्याला कोणी सांगितलंच नाय." कुत्र्याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. मग ते दोघं एका चॅनेलवरून दुसऱ्यावर कसे गेले, आधीच्या चॅनेलनं त्यांच्या जागी दुसरी जोडी कशी बसवली, हे सगळं. एक प्रश्न मात्र भाऊंचा सुटेना. ते दोघं खरे दुश्मन होते की दोस्त? एका व्हिडिओत ते चहा प्यायच्या वेळेलाही एकमेकांना घालूनपाडून बोलत होते. दुसऱ्यात बारक्याबद्दल बोलताना जाड्या डोळे पुसत होता. "मग खरं काय?" भाऊ मला विचारायचे. मला कसं माहीत असणार? मी काय शिकागोला कॅमेरा लावला होता?

मग यंदा द्राक्षाच्या हंगामात एक दिवस भाऊ आले ते कोपरं न टेकताच उभे राहिले.

"बारका गेला, योग्या. नव्व्याण्णव साली. डोक्यात गाठ होती. किती मोठं दुखणं हाय ते त्यानं जोडीदाराला कळूच दिलं नाय. जाड्या सोमवारी दवाखान्यात भेटायला जायचं ठरवत होता. बारका शनिवारी गेला."

मी माउस सोडला. आपण त्यांना चहा विचारला नाही हे नंतर लक्षात आलं. पुढचंही त्यांनी सांगितलं. जाड्यानं दुसरे जोडीदार घेऊन बघितले. नंतर आजारात त्याचा आवाजच गेला. नव्या पोरांना बसवून बघितलं, आणि दोन हजार दहाला ते सगळं बंद झालं. पण भाऊंचं लक्ष त्यात नव्हतंच. ते सोमवार आणि शनिवार यांच्यामध्ये अडकले होते.

आणि त्याच आठवड्यात कळवणकडचा एक भाजीवाला त्यांना सांगून गेला की पगार गुरुजींना नाशकात एका दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बघितलं, मुलाच्या हाताला धरून. भाऊ तडक माझ्या दुकानात आले. गुरुजी नाशकात आले आणि न भेटता गेले. आजार लपवताहेत. गाठ असेल. "उद्या निघायचं. कॅमेरा घे."

"कॅमेरा कशाला, भाऊ?"

"बिगर कॅमेऱ्याचं तो बोलणार नाय. आन मी पण."

दुसऱ्या दिवशी लग्नाची तारीख नव्हती म्हणून गेलो, नाहीतर सांगून टाकलं असतं. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले, हातात भावाच्या बागेतली द्राक्षाची पेटी. माझ्या जुन्या व्हॅनमधून आम्ही दिंडोरी, वणी करत निघालो. वाटेत मी विचारलं, त्या शेवटच्या सिनेमावर तुमचं मत काय होतं? भाऊंनी छातीला हात लावला. खिशात तिकीट जपून ठेवलेलं. म्हणाले, "नापास." मग गोष्ट सांगायला लागले. एक पोलीस असतो, त्याचा भाऊ परदेशातून येतो, मग कोर्टात हिरोईन आंधळी होते. मी ऐकत होतो आणि माझं डोकं गरगरत होतं. हा एक सिनेमा नव्हता, हे तीन सिनेमे होते, आणि त्यातला एक तर त्यांनी दोन हजार पाचला पास केलेला, मीच शूट केला होता तो भाग. मी तिकीट मागितलं. त्या मशीनच्या तिकिटाची शाई केव्हाच उडाली होती. हातात नुसता पांढरा कागद होता.

"भाऊ, यावर नावच नाही."

"हाय की," ते म्हणाले आणि तो परत खिशात ठेवला. नांदुरी मागं टाकून आम्ही कळवणला पोचलो.

गुरुजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. वाळलेले, आणि डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. तो चष्मा बघून भाऊ फाटकातच थबकले. मला म्हणाले, "गेले रे डोळे." आवाज ऐकून गुरुजींनी मान वळवली.

"कोण आहे?"

भाऊंनी मला कोपरानं ढोसलं. मीच म्हणालो, "गुरुजी, मी योगेश. कारभारीशेठच्या चॅनेलचा."

"बरोबर कोण? बोरस्ते?"

"हो."

गुरुजींनी काळा चष्मा नीट बसवला. मग म्हणाले, "कॅमेरा आणलाय?"

"आणलाय."

"मग त्याला म्हणावं, आत्ता काही बोलू नको. आधी कॅमेरा लाव."

मला हसावं की रडावं कळेना. बारा वर्षांनी माणूस दारात आलाय आणि ह्यांना नियम आठवतोय. मी स्टँड उभा करता करता सूनबाईंना हळूच विचारलं, काय झालंय गुरुजींना? त्या म्हणाल्या, "एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय ना परवा, त्यावर पट्टी आहे, आणि दुसऱ्याचा अजून काढायचाय, त्यानं दिसत नाही. चष्मा काढू नका सांगितलंय." मी हे भाऊंना सांगायला वळलो, तर भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं. सूनबाईंनी दोन खुर्च्या आणल्या, गुरुजी म्हणाले, "तीन." मधल्या खुर्चीवर भाऊंनी द्राक्षाची पेटी ठेवली. मी बोटानं तीन, दोन, एक केलं, मग गुरुजींना दिसत नाही हे लक्षात येऊन तोंडानं केलं.

"नमस्कार, मी बोरस्ते," भाऊ म्हणाले.

"मी पगार."

"आणि आमचं पटत नाही," हे दोघं एकदम म्हणाले. भाऊंनी खिशातून ते तिकीट काढलं. "आज आपण जो शिनेमा घेतलाय त्याचं नाव..." आणि थांबले. कागद उलटा केला, सुलटा केला. "गुरुजी, नाव काय हो त्याचं?"

"मला माहीत नाही."

"असं कसं? बघितला ना आपण?"

"मी नाही बघितला," गुरुजी म्हणाले. "तू बघितलास?"

"म्हंजे... एक पोलीस होता..."

"गोरक्ष." गुरुजींनी त्यांना कधी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही, कॅमेऱ्यासमोर तर नाहीच. "त्या दिवशी डबा नव्हता. तुझ्या ध्यानातच नव्हतं. तू मधल्या खुर्चीवर हात न्यायचास, चाचपायचास, आणि परत घ्यायचास. मग पुन्हा न्यायचास. इंटरव्हलच्या आधी, इंटरव्हलनंतर. मी तीन तास तुझा हात बघत होतो. पडद्यावर काय चाललं होतं ते देवाला माहीत."

भाऊंनी मान खाली घातली. मला व्ह्यूफाइंडरमध्ये त्यांचा नुसता भांग दिसत होता.

"दुसऱ्या दिवशी तुला कॅमेऱ्यापुढं बसवलं असतं तर तू खरं बोलला असतास, की सिनेमा दिसलाच नाही. तुला दुसरं काही येत नाही. सगळ्या सिडकोसमोर तुझी शोभा झाली असती. म्हणून मी तापाचं खोटं सांगितलं. वाटलं, आठवडाभरानं दुसरा सिनेमा बघू, त्यावर बोलू. तेवढ्यात चॅनेलच बंद. मग मला वाटलं, तुला वाटलं असणार, वहिनी गेल्या आणि ह्या माणसानं ऐन वेळी साथ सोडली. आता कोणत्या तोंडानं येऊ?"

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर चिडलाय," भाऊ म्हणाले. "मी बोललो होतो ना. कोरी पोरं."

"ते लागलं होतं."

"लय?"

"खूप. छत्तीस वर्षं केलेलं काम तू एका वाक्यात पाण्यात घातलंस. रात्रभर झोप नाही आली मला. त्याचं उत्तर मी देणार होतो तुला, रविवारी. पुन्हा तसा रविवार आलाच नाही."

म्हणजे भांडण झालं होतं. आणि नव्हतंही झालं. मी कॅमेऱ्यामागं उभा राहून हिशेब लावत होतो की आता भाऊंनी पुन्हा विचारलं तर काय सांगायचं, आणि मला अजूनही सांगता आलं नसतं. एवढं मात्र लख्ख कळलं की बारा वर्षं हे दोन म्हातारे एकमेकांची काळजी करत बसले होते आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा रागावलाय. मला दोघांचाही संताप आला. आणि डोळेही भरून आले, ते मी आता कशाला लपवू.

भाऊंनी दुसऱ्या खिशातून स्टिकरांची पट्टी काढली. इतकी जुनी की कडा पिवळ्या पडलेल्या. मला वाटलं आता तिकिटावर काहीतरी लावणार. त्यांनी लाल सोललं, ते नीट चिकटेना म्हणून अंगठ्यानं दाबलं, आणि आपल्याच इस्त्रीच्या शर्टाच्या खिशावर लावलं. मग उठून उभे राहिले, जायला निघाल्यासारखे.

गुरुजींनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "काय केलं रे त्यानं?"

चौदा वर्षांत मी त्या कार्यक्रमात एकदाही बोललो नव्हतो. कॅमेरावाल्यानं बोलायचं नसतं. म्हणालो, "लाल लावलं, गुरुजी. स्वतःला."

गुरुजी पुढं वाकले. मधल्या खुर्चीवर त्यांचा हात आला, द्राक्षाच्या पेटीवर चाचपला, पेटीच्या पलीकडं गेला, भाऊंचा हात सापडला तसा तो धरून वर वर गेला, खिशापर्यंत. नखानं त्यांनी स्टिकरची कड शोधली आणि ते हळूच काढून घेतलं.

"पस्तीस," ते म्हणाले. "बस खाली."

भाऊ बसले.